‘शेवटी भलंच झालं’ म्हणजे नेमकं कधी?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे लोकांच्या नोकऱ्या जातील का, या विषयावर आमच्या गावच्या व्याख्यानमालेत मध्यंतरी एक परिसंवाद झाला. एक तरुण उद्योजक म्हणाले, ‘दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या विणकरांनीही असाच आक्रोश केला होता. यंत्रं फोडली होती. पुढे काय झालं? कापड स्वस्त झालं, लाखो लोकांना काम मिळालं, शेवटी सगळ्यांचं भलंच झालं.’ त्यांना उत्तर द्यायला उठलेले ज्येष्ठ कामगार कार्यकर्ते म्हणाले, ‘यंत्र म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय. काल होता, आजही आहे.’ टाळ्या दोघांनाही पडल्या. मी मात्र अस्वस्थ होऊन घरी आलो. दोघांनी साक्ष काढली ती एकाच इतिहासाची आणि दोघांनीही तो अर्धाच सांगितला. एकाने ‘शेवटी’ या शब्दाखाली साठ वर्षं गाडून टाकली. दुसऱ्याने सगळा दोष लोखंडावर ढकलला आणि माणसांना मोकळं सोडलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. सूतकताईची यंत्रं, यंत्रमाग आणि वाफेचं इंजिन यांच्यामुळे सामान्य माणसाचं आयुष्य पुढे सुधारलं, हे खरं आहे. पण यंत्र बसवलं म्हणून ते आपोआप सुधारलं नाही आणि ज्यांच्या हातचं काम गेलं त्यांच्या हयातीत तर नाहीच. यंत्रातून निघालेली संपत्ती कोणाच्या घरी जाईल हे मजुरीचे, तासांचे, जकातीचे, संघटनेचे नियम ठरवत होते. ते नियम आधी एका बाजूचे होते. दुसऱ्या बाजूला ते भांडून बदलून घ्यावे लागले आणि त्या भांडणात दोन पिढ्या खर्ची पडल्या. आजच्या वादात हा मधला भागच कोणी बोलत नाही.

आधी त्या तरुण उद्योजकाच्या बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करू. १७६० च्या दशकात जेम्स हारग्रीव्ह्जने ‘जेनी’ हे कताई यंत्र बनवलं, १७६९ साली रिचर्ड आर्कराइटने पाण्यावर चालणाऱ्या कताई यंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७९ च्या सुमारास सॅम्युअल क्रॉम्प्टनने दोन्हींचे गुण एकत्र करून ‘म्यूल’ तयार केलं. त्याआधी एका विणकराचा माग चालता ठेवायला कित्येक बायकांना चरख्यावर बसावं लागे. १७८६ साली ३८ शिलिंगांना मिळणारं शंभर नंबरचं बारीक सूत १८०७ साली सात शिलिंगांच्या आत आलं. ज्या गरीब घरात अंगावरचा एकच जाड लोकरी कपडा वर्षभर वापरला जाई, त्या घरात धुता येईल असं सुती कापड आलं. ही गोष्ट किरकोळ नाही. शिवाय यंत्राआधीचं घर म्हणजे स्वर्ग नव्हता. घरच्या मागावरही पाच-सहा वर्षांची पोरं कांड्या भरत बसत, फरक इतकाच की मुकादम बाप असे. आणि स्वस्त सुतामुळे हातमाग विणकरांना सुरुवातीला एवढं काम मिळालं की शेतमजूरसुद्धा मागावर बसायला आले. यंत्र काम खातं तसं काम देतंही, याचा याहून ठळक पुरावा शोधूनही सापडणार नाही.

पण या पहिल्याच फेरीत कोणाचं काम गेलं ते पाहा. गेलं ते सूत कातणाऱ्या बायकांचं. इंग्रजीत अविवाहित बाईला ‘स्पिन्स्टर’ म्हणतात, म्हणजे मूळ अर्थाने सूत कातणारी. विधवा, लग्न न झालेली मुलगी, शेतमजुराची बायको अशा खेड्यापाड्यांतल्या असंख्य बायकांना घरबसल्या हक्काचे चार पैसे देणारं हे काम होतं. ते एका पिढीच्या आत आटत गेलं. नव्या गिरण्यांत बायकांना काम मिळालं, पण ते उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशर परगण्यात. दक्षिणेकडच्या एखाद्या खेड्यातली विधवा चूल बंद करून दोनशे मैलांवर कशी जाणार होती? सरासरी काढली की तिचा तोटा आणि लँकेशरच्या मुलीचा फायदा एकमेकांत मिसळून जातात आणि हिशेब जमेचा दिसतो. तिला त्या जमेतली एक पेनीसुद्धा मिळाली नाही.

आता हातमाग विणकरांकडे येऊ, कारण ‘यंत्राने विणकर मारला’ हे वाक्य दोन्ही बाजू वापरतात. एक बाजू हळहळते, दुसरी खांदे उडवते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लँकेशरमधला चांगला विणकर आठवड्याला वीस शिलिंगांहून जास्त कमवत असे. १८३० च्या सुमारास तोच सहा-सात शिलिंगांवर आला होता. पण एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं १७८५ साली आणि तो माग नीट चालायला पुढे कित्येक वर्षं लागली. १८१३ साली ब्रिटनमध्ये अवघे २,४०० च्या आसपास यंत्रमाग होते, १८२० साली चौदा हजार. हातमाग विणकर मात्र दोन लाखांहून अधिक. म्हणजे मजुरी कोसळत होती तेव्हा तिला कोसळवणारं यंत्र अजून पुरतं आलेलंही नव्हतं. मग मजुरी का कोसळली? कामाला हात भरपूर होते, युद्धामुळे बाजार कधी उघडे तर कधी बंद, हे आहेच. पण त्याचबरोबर १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांनी एकत्र येऊन मजुरी मागणं हा गुन्हा ठरवला होता. १८०८ साली विणकरांनी किमान मजुरीचा कायदा मागितला, तो संसदेने नाकारला. मालकांनी आपापसात बोलून दर ठरवले तर व्यापार, विणकरांनी ठरवले तर कट! यंत्रमाग आला तो आधीच उघड्यावर पडलेल्या माणसांवर. १८५० पर्यंत यंत्रमाग अडीच लाखांवर गेले आणि हातमाग विणकर पन्नास हजारांच्या आसपास उरले. मधली संख्या कुठे गेली? काही गिरणीत गेले, काही जहाजाने देश सोडून गेले, आणि बरेचसे मागावरच म्हातारे होऊन संपले.

आणि ‘लडाइट’, म्हणजे ती यंत्रं फोडणारे कामगार? परिसंवादात हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, म्हणून त्यावर थोडं थांबतो. १८११ च्या मार्चमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नोल्ड गावात मोजे विणण्याच्या चौकटी फोडल्या गेल्या आणि तिथून ही चळवळ पेटली. त्या चौकटीचा शोध लागला होता १५८९ साली. फोडणाऱ्यांचे बाप आणि आजे त्याच चौकटीवर जगले होते. यंत्राची भीती असती तर ती दोनशे वर्षांनी का जागी झाली असती? त्यांचा राग होता तो मजुरी कापणाऱ्या, उमेदवारी न केलेली स्वस्त पोरं कामाला ठेवणाऱ्या आणि रुंद कापड कापून, शिवून हलके मोजे खपवणाऱ्या मालकांवर. एकाच गावात ठरलेला दर देणाऱ्या मालकाच्या चौकटी शाबूत ठेवून शेजारच्या फोडल्याची उदाहरणं आहेत. यॉर्कशरमध्ये लोकरी कापडाचे तंतू कातरणारे कारागीर होते. त्यांचं काम घेणाऱ्या एका जातीच्या यंत्रावर सोळाव्या शतकापासून कायद्याने बंदी होती. त्या जुन्या कायद्यावर बोट ठेवून ते अनेक वर्षं अर्ज-विनंत्या करत राहिले. १८०९ साली संसदेने तो कायदाच रद्द केला. हातोडे निघाले ते त्यानंतर. त्या मोठ्या हातोड्यांना ते ‘इनक’ म्हणत, कारण मार्स्डेनच्या ज्या इनक टेलर लोहाराच्या भट्टीतून कातरणीची यंत्रं येत, तिथूनच हातोडेही येत.

त्यांनी सगळं बरोबरच केलं असं मी म्हणत नाही. एप्रिल १८१२ मध्ये विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाला वाटेत गोळी घालून मारलं, तो खूनच होता. आणि त्यांच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्या असत्या तरी यंत्रं आलीच असती, हेही उघड आहे. पण सरकारने काय केलं? चौकट फोडण्याला १८१२ साली मृत्युदंड ठरवला. संसदेच्या वरिष्ठ म्हणजे लॉर्ड्स सभागृहात त्याविरुद्ध बोलणाऱ्या मोजक्या लोकांत तरुण कवी बायरन होता, ते त्याचं तिथलं पहिलं भाषण. त्याच वर्षी मोजेविणकरांनी लबाड मालाला आळा घालण्यासाठी सनदशीर मार्गाने नेलेलं विधेयक त्याच सभागृहाने फेटाळलं. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला सतरा जणांना फाशी दिली गेली. अर्ज करून पाहिला, विधेयक नेऊन पाहिलं, आणि मग हातोडा उचलला, त्यालाही दोर मिळाला. या माणसांना प्रगतीचे शत्रू म्हणताना आपली जीभ अडखळायला हवी.

यावर एक गंभीर प्रतिवाद आहे. तो असा की हे सगळं दुःखद असलं तरी अटळ होतं. यंत्राचा एक तर्क असतो आणि समाजाला त्याच्यामागे जावंच लागतं. वाफेचं उदाहरण यासाठी हमखास देतात. जेम्स वॉटने १७६९ साली वेगळ्या संघनकाचं (वाफ थंड करणाऱ्या भागाचं) पेटंट घेतलं, १७८० च्या दशकात त्याचं इंजिन चाक फिरवू लागलं आणि १७८५ साली नॉटिंगहॅमशरमधल्या पॅपलविक इथल्या सुताच्या गिरणीत ते बसलं. तिथून नदी सुटली, गिरणी शहरात आली, काळा धूर, भोंगा, चाळी, सगळं ओघाने आलं, असं आपण शाळेत शिकलो. पण नदीकाठचं पाण्याचं चाक त्यानंतरही अनेक दशकं टिकून होतं आणि बऱ्याच ठिकाणी ते वाफेपेक्षा स्वस्तही पडत होतं. मग मालक कोळशाकडे का वळले? एक मोठं कारण माणसं. आर्कराइटने १७७१ साली डर्वेंट नदीकाठी क्रॉमफर्डला गिरणी काढली तेव्हा त्याला कामगारांसाठी घरं बांधावी लागली, अख्खं गाव वसवावं लागलं. आडरानातल्या कित्येक गिरण्यांनी तर अनाथालयांतली पोरं उमेदवार म्हणून आणली. मँचेस्टरमध्ये मात्र कामगार दारात उभा होता. आज काढला तर उद्या दुसरा मिळत होता. इंजिनाने मालकाला माणसांची गर्दी असेल तिथे जाण्याची मुभा दिली. हा निर्णय होता, निसर्गनियम नव्हता. १८०१ साली पाऊण लाखाच्या आसपास असलेलं मँचेस्टर १८५१ साली तीन लाखांवर गेलं, आणि नळ, गटारं, घरं यांचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. १८४२ च्या एडविन चॅडविकच्या सार्वजनिक आरोग्यावरच्या अहवालात मँचेस्टरमधल्या मजूर कुटुंबांतलं मृत्यूचं सरासरी वय १७ वर्षं दिलं आहे, रटलंड या शेतीप्रधान परगण्यातल्या मजुरांचं ३८. ही सरासरी मुख्यतः तान्ह्या मुलांच्या मरणांनी खाली ओढली आहे, हे ध्यानात घेतलं पाहिजे. ध्यानात घेतल्यावर ती अधिकच असह्य होते.

अर्थ-इतिहासकार रॉबर्ट ॲलन यांच्या अंदाजानुसार १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागचं उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढलं, खरी मजुरी फक्त १२ टक्क्यांनी. या आकड्यांवर अभ्यासकांत वाद आहेत आणि ते असू देत. मजुरी थोडी अधिक वाढली असं धरलं तरी साठ वर्षांत पिकलेल्या धनातला मोठा वाटा गिरणी चालवणाऱ्या हातांकडे गेला नाही, एवढं खरं राहतं. डेव्हिड रिकार्डो हा त्या काळातला सर्वांत कसलेला अर्थशास्त्रज्ञ. यंत्रांनी सगळ्याच वर्गांचं हित होतं असं आधी तोही मानत होता. १८२१ साली त्याने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवं प्रकरण घातलं आणि जाहीरपणे मत बदललं: माणसाच्या जागी यंत्र आणणं मजूरवर्गाला पुष्कळदा फार हानिकारक ठरू शकतं. खुल्या व्यापाराचा हा कट्टर पुरस्कर्ता, यंत्रांना बंदी घाला असंही तो म्हणत नव्हता. पुरावा समोर आल्यावर त्याने आपलं मत तपासलं. आजच्या परिसंवादांत एवढं तरी कोणी करतं का?

बदल झाला तो कायद्यांनी, आणि कायदाही पहिल्या झटक्यात उपयोगी ठरला नाही. १८१९ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापसाच्या गिरण्यांत बंदी केली, पण तपासायला कोणी नेमलंच नाही. १८३३ साली पहिल्यांदा पगारी निरीक्षक आले, साऱ्या देशासाठी चार. त्या कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांचं काम आठवड्याला ४८ तासांवर आणलं. १८४७ साली बायका आणि अठराच्या आतली मुलं यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला आणि त्यातल्या पळवाटा बुजवायला १८५० आणि १८५३ साली पुन्हा कायदे करावे लागले. प्रौढ पुरुषांचे तास कायद्याने बांधलेच नव्हते, पण बायका-मुलं घरी गेल्यावर एकट्या पुरुषांवर गिरणी चालवणं अवघड होतं. या काळातला विरोधाचा युक्तिवाद आज शब्दशः ऐकू येतो. ऑक्सफर्डचा अर्थशास्त्रज्ञ नासाउ सीनियर याने १८३७ साली हिशेब मांडला की गिरणीचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासात येतो. तास कापला की नफा गेला आणि धंदा परदेशी गेला. दहा तासांचा कायदा आला. धंदा बुडाला? १८५० चं दशक लँकेशरच्या भरभराटीचं ठरलं. मालकांनी यंत्रांची गती वाढवून थोडी भरपाई करून घेतली, त्याने कामगारावरचा ताण वाढला, हेही खरं. तरी संध्याकाळ त्याच्या हाती लागली.

इथे उद्योजकांच्या बाजूचा सर्वांत पक्का मुद्दा येतो. ते म्हणतील, कायदे झाले कारण यंत्रांनी देश श्रीमंत केला होता. संपत्ती आधी, हक्क नंतर. गरीब गिरणी दहा तासांचा दिवस देऊच शकली नसती. या मुद्द्यात तथ्य आहे. पण याची परीक्षा घ्यायची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे आणि ती आपल्या मुंबईत आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढलेली सूत-कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. त्यानंतर मुंबईत उभ्या राहिलेल्या गिरण्यांची यंत्रं मोठ्या प्रमाणात ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आली. लँकेशरमध्येही त्याच कारखान्याची यंत्रं होती. इंजिनं आली, साचे आले, ते बसवायला गोरे कारागीरही आले. जहाजातून दहा तासांचा कायदा मात्र आला नाही. ओल्डहॅममध्ये बाई संध्याकाळी सहाला गिरणीबाहेर पडत होती तेव्हा गिरणगावातली बाई सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत उभी होती, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास, आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. या नव्या गिरण्या काही तोट्यात नव्हत्या. १८७० च्या दशकात त्या भराभर वाढत होत्या. १८८१ च्या पहिल्या कायद्याने फक्त सात वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तास. प्रौढांबद्दल त्यात एक ओळ नाही. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तर त्या उजेडात कामाचा दिवस आणखी लांबला. दिवा हेही यंत्रच. त्याने कष्ट कमी केले की वाढवले, हे दिव्याने ठरवलं का?

मुंबईतला रविवार कोणत्या इंजिनाने आणला नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवणाची उसंत, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघात झाल्यास भरपाई. आज वाचताना गळा दाटतो. माणसं सूर्यास्ताला सुटण्याची परवानगी मागत होती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्यांत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. इथे एक अडचणीची गोष्टही मांडली पाहिजे. हिंदुस्थानातल्या गिरण्यांना कायदे लावा असा लकडा लावणाऱ्यांत लँकेशरचे मालक पुढे होते आणि त्यांना मुंबईच्या कामगाराचा कळवळा नव्हता, स्पर्धक महाग व्हायला हवा होता. म्हणून आपल्याकडच्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांतल्या बऱ्याच मोठ्या भागाने या कायद्यांना विरोध केला. त्यांचा संशय खोटा नव्हता. तरीही स्वदेशी गिरणीत सात वर्षांचं पोर नऊ तास उभं राहतं, यावर त्या संशयाने पांघरूण पडत नाही. लोखंड्यांनी दोन्ही गोष्टी ओळखल्या आणि कामगाराची बाजू सोडली नाही.

आता त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांशीही मला बोलायचं आहे, कारण मनाने मी त्यांच्या जवळचा आहे. यंत्रालाच शाप म्हटलं की खरे सूत्रधार निसटतात. यंत्राने हिंदी विणकर बुडवला असं आपण म्हणतो. पण हिंदुस्थानी छापील कापड वापरायला इंग्लंडने १७२१ साली कायद्याने मनाई केली तेव्हा ना जेनी होती ना वॉट जन्मला होता. पुढे कंपनीच्या आणि राणीच्या राज्यात विलायती कापड इथे नाममात्र जकातीवर ओतलं गेलं. १८९६ साली तर आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसला, का, तर लँकेशरशी बरोबरी व्हावी म्हणून. हे सगळं कोणत्या चात्याने केलं? अमेरिकेचं उदाहरण तर याहून भयंकर. एली व्हिटनीने १७९३ साली सरकी काढण्याचं यंत्र बनवलं. पन्नास माणसांचं काम वाचलं तर गुलामी ओसरायला हवी होती. झालं उलटं. सरकी झटपट निघू लागली, कापूस पिकवणं किफायतशीर झालं, लँकेशरची भूक वाढत होती, आणि १७९० साली सात लाखांच्या आसपास असलेले गुलाम १८६० साली चाळीस लाखांच्या घरात गेले. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने एवढे श्रम लादले, कारण माणसाला विकत घेता येतं असा तिथला कायदा होता. तो कायदा मोडायला युद्ध लागलं. सरकीयंत्र त्यानंतरही चालूच राहिलं.

म्हणून मला परिसंवादातला प्रश्नच चुकीचा वाटतो. ‘नोकऱ्या जातील की येतील’ याचं उत्तर दोन्ही आहे आणि ते आधीपासून माहीत आहे. विचारायचं ते असं. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत भाषांतर किंवा हिशेबाचं काम करणाऱ्या पस्तीस वर्षांच्या बाईचं काम यंत्राकडे गेलं, तर वाचलेल्या पगारातला काही भाग तिला नवीन शिकायला मिळेल का? तिला आधी सूचना मिळेल का? उरलेल्या तिघींवर सहा जणींचं काम पडलं तर तास कोण मोजणार? ज्यांच्या लिखाणावर ती यंत्रं शिकली, त्यांना कोणी विचारलं का, आणि मोबदला? यावर हमखास उत्तर येतं की नियम केले तर धंदा बाहेर जाईल. सीनियरचा शेवटचा तास मला तिथे आठवतो. नियम वाईटही असू शकतात, लँकेशरच्या मालकांसारखे स्वार्थासाठी मागितलेलेही असू शकतात. म्हणून ते काळजीपूर्वक करावे लागतात. पण ‘शेवटी भलं होईल’ एवढ्यावर त्या बाईला घरी पाठवणं म्हणजे १८१२ सालच्या लॉर्ड्स सभागृहाशेजारी जाऊन बसणं आहे.

माझे आजोबा १९४५ च्या सुमारास कोकणातून मुंबईला आले आणि एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणाईत, लागले. जुन्या मागाच्या धोट्यात कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. आजोबा ते मला ओठ आवळून, श्वास आत घेऊन करून दाखवत. कापसाची धूळ छातीत जायची, एकाचा क्षय दुसऱ्याला लागायचा. मॅसॅच्युसेट्सने १९११ साली कायदा करून असा धोटा बंद केला. लँकेशरमध्ये तो पुढे कित्येक दशकं तोंडाला लागत राहिला. मुंबईत त्या भोकातून जात आत शिरली: अस्पृश्य मानलेल्याच्या ओठांना लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकर म्हणाले, आणि गिरणीतलं सर्वांत चांगल्या पगाराचं विणाई खातं दलितांना बंद राहिलं. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावलं की हे खातं आमच्या लोकांना खुलं करण्याची मागणीही यादीत घाला. मालकांच्या जोडीला त्यांना कामगारांशीही हे भांडण करावं लागलं. आजोबांच्या साच्यांच्या ओळीत कोण कोण होते, त्यांची गावं, त्यांच्या सवयी, सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. त्या ओळीत कोण नव्हतं आणि का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.